वासोट्याला जायचंय? आधी घड्याळ बघा

दिवाळी झाली की पुण्या-मुंबईच्या मित्रांचे फोन सुरू होतात. "एका दिवसात होणारा, फोटो भारी येणारा ट्रेक सांग." बहुतेकांच्या डोक्यात वासोटाच असतो. जा की! पण रीलमध्ये न दिसणारं थोडं ऐका.

वासोटा कोयना अभयारण्यात आहे. कोयना आणि शेजारचं चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वनखात्याची परवानगी लागते, पावसाळ्यात बंद असतो, मुक्काम करता येत नाही. बामणोलीहून बोटीनं शिवसागर ओलांडायला तास-दीड तास, वर चढायला दोन-अडीच तास, आणि दिवस मावळायच्या आत परत. सकाळी दहाला सातारा सोडलात तर हे गणित बसत नाही.

सोबत लहान पोरं किंवा गुडघे दुखणारे आईवडील असतील, तर हट्ट सोडा. सज्जनगड, अजिंक्यतारा, नाहीतर नुसती बामणोलीची बोट. दिवस वाया जात नाही.

आणि नियमांवर कुरकुर करणाऱ्यांसाठी एकच. ज्या पाण्यावरून बोट जाते, त्याखाली माणसांची गावं आहेत. आधी धरणासाठी, मग जंगलासाठी इथल्या लोकांनी घरदार सोडलं. आपल्याला फक्त चिप्सचं रिकामं पाकीट परत आणायचंय. तेवढंही जड होतं का?

पटलं तर आपल्या ट्रेकच्या ग्रुपवर टाका.