दादांची टीम

आमच्या नायगावच्या चाळीतल्या खोलीत भिंतीवर दोनच तसबिरी होत्या. एक तथागतांची, दुसरी बाबासाहेबांची. तिसरे चित्र लाकडी कपाटाच्या दाराला आतून खळीने चिकटवलेले होते. वर्तमानपत्रातले कात्रण. जाड भिंगाचा चष्मा लावलेला, खांदे पुढे झुकलेला, उंचापुरा काळा माणूस. तो वेस्ट इंडिजचा कप्तान क्लाईव्ह लॉईड. कपाट उघडले की तो दिसायचा. आई म्हणायची, "अहो, पाव्हणेरावळे येतात. कोण म्हणून सांगू मी ह्याला?" दादा म्हणायचे, "माझा भाऊ आहे म्हणून सांग."

दादा गिरणीत रिंग खात्यात होते. आजोबाही तिथेच. विणकाम खात्यात धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून एके काळी आपल्या माणसांना त्या खात्यात घेत नसत. पगार मात्र त्या खात्यात जास्त. ही हकीकत बाबासाहेबांनी वेशीवर टांगलेली, म्हणून वाचकांना नवीन नाही. दादा ती सांगत, आणि तिला जोडून पळवणकर बाळूंची सांगत. पुण्यात साहेबांच्या क्लबात मैदान राखता राखता बाळू मोठे गोलंदाज झाले. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पण त्यांचा चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, मैदानाबाहेर. आणि हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळायला १९२३ साल उजाडले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले. दादा तेही सांगत, लपवत नसत. "मत बाबासाहेबांना, पण टाळी बाळूंच्या गोलंदाजीला," असे म्हणत.

वेस्ट इंडिजवरचा त्यांचा जीव याच वाटेने आला. तिथेही संघात काळे खेळाडू आणि कप्तान बहुधा गोरा, असे वर्षानुवर्षे चालले होते. संपूर्ण मालिकेसाठी काळा कप्तान नेमला जायला १९६० साल लागले. तो फ्रँक वॉरेल. १९६२ साली बार्बाडोसला नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला चेंडू लागून ते मरणाच्या दारात गेले, तेव्हा रक्त देणाऱ्यांत हाच वॉरेल होता. दादा म्हणायचे, "ज्याने आपल्या कप्तानाला रक्त दिले, तो परका कसा?"

जानेवारी १९७५ मध्ये वानखेडेवर पहिली कसोटी झाली. दादा पाळी बदलून, उसनवारी करून एक दिवस जाऊन आले. लॉईडने नाबाद २४२ धावा काढल्या. द्विशतक झाल्यावर त्याचे अभिनंदन करायला एक प्रेक्षक मैदानात धावला. पोलिसांनी त्याला मारले आणि मग लोक खवळले. दादा ही गोष्ट सांगताना नेहमी त्या धावणाऱ्या माणसापाशी थांबत. म्हणत, "मीही धावलो असतो गं. पाय उचलला होता. तुम्हा पोरांची आठवण आली."

आता मला जे सांगायचे आहे ते २५ जून १९८३ चे. शनिवार होता. गिरणी संपाला दीड वर्ष होत आले होते. आई चार घरची भांडी करत होती. मी दहावीत होते. आमच्या मजल्यावर एकाच घरी टीव्ही, तिथे सगळी चाळ गोळा झालेली. भारत १८३. सगळ्यांची तोंडे उतरली. दादा शांत बसले होते. मग रिचर्ड्सने फटकेबाजी सुरू केली आणि ३३ धावांवर कपिलदेवने मागे धावत जाऊन त्याचा झेल घेतला. चाळ दणाणली. मीही नाचले. वळून पाहिले तर दादा मान खाली घालून बसलेले. मध्यरात्रीच्या सुमारास शेवटचा बळी पडला. वेस्ट इंडिज १४०. फटाके, गुलाल, आरोळ्या. जिन्यात कुणीतरी दादांना ऐकू जाईल असे म्हणाले, "ह्यांच्या घरी सुतक दिसतंय."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. घरात आल्यावर मी बोलू नये ते बोलले. म्हटले, "दादा, तुम्ही या देशाचे नाही का? तुमच्यामुळे लोक आम्हाला हसतात."

दादा रागावले नाहीत. पाणी प्याले आणि झोपले. सकाळी उठून कुठून तरी पैसे आणून त्यांनी पावशेर जिलेबी आणली आणि मजल्यावरच्या पोरांना वाटली. "आपण जिंकलो, खा," म्हणाले. स्वतः घेतली नाही. दुपारी मला जवळ बसवून म्हणाले, "बाई, देश माझाच आहे. त्याची घटना कुणी लिहिली ते तुला ठाऊक आहे, मी कुणाकडे दाखला मागायला जात नाही. कपिलदेव जिंकला, मला आनंद झाला. पण रिचर्ड्स हरला, त्याचं दुःखही झालं. यंदाच दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्यांनी वेस्ट इंडिजची पोरं पैसे देऊन खेळायला नेली. रिचर्ड्सलाही मोठी रक्कम देऊ केली होती. तो गेला नाही. आज घरात पीठ नाही, म्हणून मला त्या नाही म्हणण्याची किंमत कळते."

मला काही बोलता आले नाही. क्षमा मागावी एवढी अक्कल त्या वयात नव्हती. ती पुढे आली, पण दादांपुढे शब्द निघाले नाहीत. मी दुसरीच वाट धरली. मी त्यांच्या शेजारी बसून सामने पाहू लागले.

मे १९९५ मध्ये पंधरा वर्षे एकही कसोटी मालिका न हरलेला तो संघ ऑस्ट्रेलियाकडून घरच्या मैदानावर हरला. दादा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. मी पेपर वाचून दाखवला आणि म्हटले, "आता संपलं, दादा." ते म्हणाले, "हरले म्हणून सोडायचं, तर जिंकताना धरलं कशाला?" त्याच पावसाळ्यात दादा गेले.

त्यानंतर दादांची टीम माझ्याकडे आली. वारशात शेत नव्हते, घर नव्हते. हे होते. २०२३ चा विश्वचषक आपल्या देशात झाला, वानखेडेवरही सामने झाले, पण स्कॉटलंडकडून हरल्यामुळे वेस्ट इंडिज त्यात पहिल्यांदाच नव्हते. जुलै २०२५ मध्ये किंग्स्टनला ते २७ धावांत गारद झाले. माझा मुलगा मोबाईल नाचवत म्हणाला, "आई, तुझी टीम! सत्तावीस!" मी हसले, पण जेवण गेले नाही.

मध्ये एक दिवस मात्र मिळाला. २८ जानेवारी २०२४, रविवार. गयानातल्या एका दूरच्या खेड्यातला, काही काळापूर्वीपर्यंत सुरक्षारक्षकाची नोकरी केलेला शमार जोसेफ. आदल्या दिवशी पायाच्या अंगठ्यावर चेंडू लागलेला. त्याने ब्रिस्बेनला सात बळी घेतले आणि वेस्ट इंडिज आठ धावांनी जिंकले. ऑस्ट्रेलियात सत्तावीस वर्षांनी कसोटी जिंकली. ब्रायन लाराच्या डोळ्यांत पाणी आलेले मी टीव्हीवर पाहिले. माझेही डोळे भरले.

दादांचे ते कपाट आता माझ्या घरी आहे. कात्रण पिवळे पडले, कोपरे झडले. त्या दुपारी मी कपाट उघडले आणि म्हटले, "दादा, जिंकले हो." मग मुलाला पैसे देऊन खाली पाठवले. पावशेर जिलेबी आणायला. या खेपेस मजल्यावरच्या मुलांना वाटून झाल्यावर एक कडे मी स्वतःही खाल्ले. एक दादांच्या वाटणीचे बाजूला ठेवले.