दोन किलवर, दोन चौकट

आप्पा म्हणाले, "दोन किलवर." त्यांच्या डावीकडच्या काकांनी पास दिला आणि मीही म्हणाले, "पास." उजवीकडचे काका तर माझा शब्द पुरा व्हायच्या आत पास म्हणून मोकळे झाले.

माझं वय तेव्हा तेरा. रविवारच्या ब्रिजचा चौथा गडी आजारी पडला होता म्हणून मला सतरंजीवर बसवलेलं. बदाम सात आणि मेंढीकोट यांच्या जोरावर आपल्याला पत्ते येतात अशी माझी खात्री होती. हातात किलवरची पाच पानं, सगळ्यांत मोठी नव्वी. बाकी इस्पिकची नव्वी-अठ्ठी-दुर्री, बदामाची दोन फुसकी, चौकटची तीन. चित्र एकही नाही. आप्पांना किलवर हवंय, माझ्याकडे ते पाच आहे, मग आणखी काय बोलायचं?

मी डमी म्हणून पानं उघडली, तेव्हा आप्पा त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांच्या हातात किलवरची एकुलती एक तिर्री होती. इस्पिकचे मात्र एक्का-राजा-राणी-गुलाम आणि वर दोन पानं, बदामाचे एक्का-राजा-राणी-चव्वी, चौकटचा एक्का आणि एक फुसकं. पुढं काय झालं ते अजून दिसतं. इस्पिकचा एक्का चालला. दुसऱ्या फेरीला राजा टाकला, तो डावीकडच्या काकांनी किलवरच्या सत्तीनं मारला. हुकूम किलवर होता ना!

रात्री आप्पांनी तीच पानं पुन्हा मांडली. रागावले नाहीत. म्हणाले, "दोन किलवर म्हणजे मी तुला पानं सांगितली नाहीत गं, दार वाजवलं. आतून 'कोण आहे' एवढं तरी म्हणायचं. काहीही नसेल तर म्हण दोन चौकट. पण दार लावून घ्यायचं नाही."

त्यातही चौकटचा संबंध नव्हता. बावीस किंवा त्याहून जास्त पॉइंटांचा हात असला की पहिला म्हणणार दोन किलवर; मग त्याच्याकडे किलवर असो-नसो. दुसरा म्हणणार दोन चौकट, म्हणजे माझ्याकडे काही नाही, तू बोल. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक; सगळ्या पत्त्यांत मिळून चाळीस. आप्पांकडे तेवीस होते, माझ्याकडे शून्य.

खरी मेख आप्पांनी हुकूम इस्पिक धरून शेवटी दाखवली. माझे बदाम दोनच. त्यांनी एक्का-राजा खेळून घेतले की माझ्याकडचे बदाम संपले. मग त्यांची चव्वी माझ्या इस्पिकच्या नव्वीनं मारायची. चार इस्पिकला दहा हात लागतात, ते त्यांचे त्यांच्याकडेच होते. अकरावा हात माझ्या शून्यातून येत होता. शून्य पॉइंटांचाही एक हात निघतो, हे मला शाळेतल्या कुठल्याही गणितापेक्षा आधी पटलं.

एवढं बोलायचं तरी कशाला, हा प्रश्न मला बरीच वर्षं होता. उत्तर हॅरॉल्ड व्हँडरबिल्टच्या एका बोटप्रवासात आहे. १९२५ साली पनामा कालव्यातून जाताना या अमेरिकन श्रीमंतानं गुणांचं नवं कोष्टक बसवलं. जुन्या ऑक्शन ब्रिजमध्ये बोली कमी केली तरी जितके हात केले तितके डावाच्या हिशेबात यायचे. त्यानं ठरवलं की जेवढं बोललात तेवढंच डावाच्या हिशेबात धरायचं. त्यामुळे जोरदार हात घेऊन मुकाट बसायची सोय संपली. आणि ज्याच्याकडे सगळं आहे त्यालाच समोरच्याची सगळ्यांत जास्त गरज पडू लागली. व्हँडरबिल्टनं स्वतः त्यासाठी एक किलवर ही बोली राखून ठेवली होती, आणि दुबळ्या हाताचं उत्तर एक चौकट.

हीच कल्पना पुढं 'प्रिसिजन' नावानं गाजली. सी. सी. वेई या चिनी वंशाच्या जहाजमालकाची ती पद्धत खेळून तैवानचा संघ १९६९ साली बर्म्युडा बाउल या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत गेला आणि ब्रिजवाल्यांत खळबळ उडाली. कॉलेजात आम्हीही वर्षभर तिच्या नादी लागलो. सोळा पॉइंट झाले की एक किलवर. असा हात दहांत एकदा येतो, म्हणजे बरं चाललं पाहिजे; पण समोरचे कारटे हातात काही नसताना मध्येच "तीन इस्पिक" ठोकायचे आणि आमचा संवाद तिथंच तुटायचा. मी दोन किलवरकडे परत आले. तो हात दोनशे तीस-चाळीस डावांत एकदा येतो. संध्याकाळी चोवीस डाव खेळले तर दहा संध्याकाळींतून एकदा. तेवढं थांबायला माझी ना नाही.

नोकरी बँकेत लागली, लग्न झालं, नवऱ्याला पत्त्यांचा कंटाळा. गुरुवार संध्याकाळ मात्र मी जिमखान्यासाठी राखली. तिथल्या माझ्या पार्टनर माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. मी त्यांना ताई म्हणते, त्या मला अहो-जाहो करतात. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुमची दोन चौकट कुठली? नकाराची की थांबण्याची?" हल्ली बरेच जण ती थांबण्याची खेळतात: काही असेलही, नसेलही, आधी तुमचं ऐकते. मला एकदम आई आठवली. सहलीला जाऊ का, म्हटलं की ती "बघू" म्हणायची. ते बघू नकाराचं की थांबण्याचं, हे ओळखण्यात आमचं बालपण गेलं. आम्ही थांबण्याची घेतली.

एका स्पर्धेत मला पंचवीस पॉइंट आले. एवढा हात आला की माणूस बहिरा होतो, निदान मी झाले. दोन किलवर, ताईंची दोन चौकट. दोन इस्पिक, ताईंचं तीन किलवर. तेही ठरवलेलं, दुसरा नकार: आता खरंच काही नाही. मी सहा इस्पिकवर जाऊन बसले. एक हात बुडाला. आप्पांच्या काळी बोली तोंडानं लावत, आणि ते म्हणत, आवाजात पानं सांगायची नाहीत. आता पेटीतून छापील कार्ड काढून ठेवायचं. आवाजाचा प्रश्नच नाही. ताईंनी दोनदा कार्ड ठेवून सांगितलं होतं. मी ती कार्डं पाहिली होती, वाचली नव्हती.

डाव संपल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. चहाच्या वेळी फक्त म्हणाल्या, "माझ्याकडे बदामाची पाच पानं होती. सगळी छक्कीच्या खालची."

"छक्कीच्या खाली चारच पानं असतात, ताई."

"मग छक्की धरा," त्या म्हणाल्या आणि बिस्किट चहात बुडवलं.

परवाच्या गुरुवारी दोन किलवर त्यांनी लावलं. माझ्याकडे एक गुलाम. मी दोन चौकटचं कार्ड काढून टेबलावर सरळ ठेवलं. ताईंनी ते बघितलं, चष्मा वर सरकवला आणि पुढचं कार्ड काढायला बराच वेळ घेतला.