डनिचचं शेवटचं चर्च

आधी बंदर गेलं. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफक परगण्यात, डनिच नावाचं एवढंसं गाव आहे. एके काळी ते भरभराटीचं शहर होतं. 1286 चं वादळ आलं, मग 1328 चं. बंदराचं तोंड वाळूने बुजलं, गलबतं दुसरीकडे लागू लागली.

मग एकेक करून चर्चं समुद्रात गेली. सेंट लिओनार्ड, सेंट मार्टिन, सेंट निकोलस, सेंट जॉन, सेंट पीटर. उरलं ते ऑल सेंट्स.

ऑल सेंट्समधली प्रार्थना समुद्राने थांबवली नाही. 1750 च्या दशकात गावात माणसंच इतकी थोडी उरली, की एवढ्या मोठ्या वास्तूची डागडुजी परवडेना. चर्च सोडून दिलं. मयत मात्र 1820 च्या दशकापर्यंत तिथेच आणत. आत उपासना नाही, समुद्राकडचा कडा दर वर्षी जवळ येतोय, आणि तरी नातवाला आजोबांच्या शेजारीच जागा हवी. हे वाचलं आणि मी बराच वेळ पुढे गेलो नाही.

माणसं इतकी थोडी, तरी डनिचचे दोन खासदार 1832 पर्यंत पार्लमेंटात बसत होते. ते गेले, त्याची हळहळ नाही.

1904 साली कडा चर्चला भिडला. जुनी चर्चं पूर्व-पश्चिम बांधत, वेदी पूर्वेला. इथे समुद्रही पूर्वेलाच. म्हणून आधी गेला गाभारा. मग कमानी, खांब, खिडक्यांच्या चौकटी. मनोरा पश्चिमेला, तो 1919 मध्ये गेला. त्या पंधरा वर्षांतली छायाचित्रं आहेत. ओळीने लावली तर प्रत्येकात भिंत थोडी आखूड.

लाट भिंतीला लागतही नव्हती. कडा मऊ वाळूचा. लाटा पायथा पोखरतात, वरचं आपोआप घसरतं.

भिंती चकमकीच्या गोट्यांच्या. सफकात बांधकामाचा चांगला दगड नाही, म्हणून शेतातले, किनाऱ्यावरचे गोटे वेचून चुन्यात बसवत. बाहेरून खडूसारखी पांढरी साल. गोटा फोडला की आत काळी काच, धार अशी की बोट कापावं. तेच गोटे परत किनाऱ्यावर आले.

चर्चच्या मागोमाग कबरी. कड्याच्या मातीतून हाडं बाहेर डोकावत.

मनोऱ्याला बाहेरून टेकू देणारा एक दगडी धिरा लोकांनी वेळीच उचलून आणला. तो आता सेंट जेम्स चर्चच्या आवारात, गवतात उभा आहे. ते चर्च 1832 सालचं, समुद्रापासून आत बांधलेलं.

बाकीचं पाण्याखाली आहे. ध्वनिलहरींनी तळाचा नकाशा काढला तेव्हा पडलेल्या भिंतींचे ढीग दिसले. तिथलं पाणी इतकं गढूळ, की पाणबुड्यांना दगडावरचं कोरीवकाम हातांनी चाचपून पाहावं लागतं.