शाळेचे पटांगण आणि वैशाख

खानदेशात सृष्टिनिरीक्षणास चैत्र-वैशाखाइतका सोयीचा काळ नाही असे म्हटले, तर जळगाव-धुळ्याचा कोणीही मनुष्य हसल्यावाचून राहणार नाही. पारा पंचेचाळीस अंशांकडे धावत असतो, तापीकाठच्या केळीबागांना उष्ण वाऱ्यापासून आडोसा करावा लागतो, आणि दुपारी रस्त्यावर कुत्रेदेखील दिसत नाही. अशा दिवसांत पोरांना झाडाखाली नेऊन पाखरे दाखवणे हा वेडेपणाच वाटेल. तथापि माझा आग्रह आहे तो ह्याच दिवसांचा. आणि तोही शाळेच्या आवारापुरता.

आमच्या शाळेच्या आवारात कडुनिंब होते आणि एक जुनी चिंच होती. पानगळ हिवाळ्यात होते असे पुस्तक सांगे. आमचे निंब मात्र फाल्गुनात पाने टाकीत, आणि ऊन चढू लागले की तांबूस पालवीने व मोहोराने भरून जात. सकाळच्या शाळेत तो मधासारखा वास खिडकीतून येई. पुस्तक खरे की झाड खरे, हा प्रश्न ज्या मुलास एकदा पडला त्याच्या शास्त्राच्या अभ्यासास प्रारंभ झाला असे मी समजतो.

भर उन्हात, इतर पाखरे गप्प असता, तांबट मात्र भांड्यावर हातोडी मारल्यासारखा एकसुरी ठोका धरतो. तो आपले बिळासारखे घर वाळक्या फांदीत कोरतो. म्हणूनच टापटिपीच्या हौसेने झाडाची प्रत्येक वाळकी फांदी तोडविणारे मुख्याध्यापक मला तितकेसे आवडत नाहीत. त्याच निंबावर कावळ्याचे घरटे असते व कोकिळेची मादी त्यावर टपलेली असते. आमच्या कवींनी पंचम स्वर तिच्या गळ्यात घातला. पण ‘कुहू’ म्हणणारा तो काळाकुळकुळीत नर, आणि ठिपक्याठिपक्यांची तपकिरी मादी चोरपावलांनी अंडे ठेवून जाणारी. हे मुलांनी आपल्या डोळ्यांनी पाहावे. व्हरांड्याच्या कडेला, पावसाचे पाणी न पोहोचणाऱ्या भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखे खळगे असतात. त्यांच्या तळाशी एक बारीक किडा जबडे उघडून मुंगीची वाट पाहत बसलेला असतो, आणि पुढे त्यालाच चतुरासारखे पंख फुटतात. गवताची काडी कडेला लावली की तो खालून माती उडवतो. ह्या खेळास ना खर्च, ना परवानगी.

१९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करावे असा निर्देश दिला, ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु मी पाहिलेल्या प्रकल्पवह्या बाजारच्या चित्रांनी भरलेल्या होत्या. त्यांत पेंग्विन होता, तांबट नव्हता.

दूरचे ते दुर्मिळ आणि दारातले ते क्षुल्लक, हा आपला समज खानदेशात तरी टिकू नये. एका रानपिंगळ्याची हकीकत ह्याला पुरेशी आहे. १८८४ नंतर हा पक्षी कोणास दिसल्याचा विश्वसनीय पुरावा नव्हता. तो नामशेष झाला असेच पुष्कळांस वाटे. १९१४ साली गुजरातेत मिळाला म्हणून सांगितलेला एक नमुना होता, पण ती चिठ्ठीच खोटी ठरली. तेव्हा पामेला रासमुसेन व त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांचा माग काढीत निघाले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, लख्ख दिवसा, तो फांदीवर बसलेला दिसला. शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी वेगळा झाला. त्याचा जवळचा आप्त, साधा पिंगळा, गावोगावच्या जुन्या झाडांच्या ढोलीत राहतो. एकाच्या डोक्यावर ठिपके ठळक, दुसऱ्याच्या डोक्यावर पुसट. चिंचेवरचा पिंगळा ज्या मुलाने नीट पाहिला आहे त्यालाच हा भेद रानात ओळखता येईल. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) कधी शाळेत गेल्या नाहीत. पण सुगरणीचा खोपा त्यांनी असा न्याहाळला होता की त्यांची ती कविता आज शाळेतली मुले पाठ करतात. पाठ करतात, खोपा मात्र पुष्कळांनी पाहिलेला नसतो.

अलीकडे एका शाळेत गेलो, तो सारे पटांगण सिमेंटच्या ठोकळ्यांनी मढवलेले. धूळ गेली, असे मोठ्या समाधानाने सांगण्यात आले. धुळीबरोबर ते खळगेही गेले, मुंग्यांची वारुळे गेली, आणि निंबाच्या बुंध्याभोवती पाणी मुरावयास वीतभरही माती उरली नाही. तेथे मुलांकडून एकच काम करून घ्यावे असे मनात आले: एक उष्णतामापक निंबाच्या सावलीत टांगावा, दुसरा ठोकळ्यांवर ठेवावा, आणि आठापासून दर अर्ध्या तासाने दोन्ही आकडे फळ्यावर लिहावेत. नऊ-साडेनवाला मुलांना आत घ्यावे. ह्या उन्हाशी पैज लावण्यात शहाणपण नाही.

मे महिन्यात शाळेच्या फाटकाला कुलूप लागते, ते जूनच्या मध्यास उघडते. ह्या दीड महिन्यात परळातले पाणी कोण बदलणार, हा खरा अडचणीचा प्रश्न आहे. शेजारच्या घरांतील चार-पाच मुलांना पाळीपाळीने सकाळी अर्धा तास आत येऊ द्यावे, शिपायाजवळ एक वही ठेवावी, आणि कोण पाखरू पाण्यावर आले ते त्यांनी आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहावे. शाळा उघडेपर्यंत निंबोळ्या पिवळ्या होऊ लागलेल्या असतात, आणि कावळी आपल्याहून निराळ्या आवाजात ओरडणाऱ्या एका पिलास भरवीत हिंडत असते.