डावा कान, उजवा कान

घरात कुणाला कमी ऐकू यायला लागलं की आपण काय करतो? मोठ्यानं बोलतो! मीही तेच करत होते. त्यातली चूक मला एका हेडफोननं दाखवली.

आमचे मामंजी धुळ्याला तारखात्यात होते. २०१३ च्या जुलैत देशातली तारसेवा बंद झाली, पण त्यांच्या बोटांतलं कट्ट-कडकट्ट काही गेलं नाही. त्यांनी सरकारी परीक्षा दिली, परवाना काढला आणि घरीच हौशी रेडिओ मांडला. रोज दुपारचा चहा झाला की हेडफोन लावून जळगावच्या जुन्या सोबत्याशी मोर्समध्ये गप्पा चालत. "फोन आहे ना घरात?" असं सासूबाई म्हणायच्या. पण फोनवरचे शब्द मामंजींना नीट लागत नसत, मोर्सची शिट्टी मात्र बरोबर लागे.

गेल्या पावसाळ्यात तेही थांबलं. मामंजी आवाज वाढवीत, तशी खरखरही वाढे. एक दिवस त्यांनी रेडिओवर चादर टाकली आणि ह्यांना म्हणाले, "विकून टाक आता." त्यानंतर जेवतानाही ते गप्पच. आम्ही समजलो, कान गेले.

एका रविवारी खोली आवरताना मी सहज रेडिओ लावून हेडफोन डोक्यावर चढवला. आवाज फक्त डाव्या बाजूला! उजवी बाजू मुकी. तोच हेडफोन मोबाइलला लावला तर दोन्ही बाजू ठणठणीत.

मग उलगडा झाला. जुना हेडफोन मोडल्यावर ह्यांनी पावसाळ्यातच हा नवा, गाणी ऐकायचा आणला होता. त्याच्या पिनेवर दोन काळी कडी होती. जुन्या रेडिओला मात्र एका कड्याची पिन लागते. दोन कड्यांची घातली की फक्त डावीकडे ऐकू येतं. आणि मामंजींचा डावा कान तर आधीपासूनच अधू!

मी नुसता हेडफोन उलटा करून त्यांच्या कानांवर ठेवला. ते दचकून माझ्याकडे बघायलाच लागले. दुसऱ्या दिवशी दुकानातून एक छोटा जोड आणला. त्याची पिन एका कड्याची, आणि दुसऱ्या टोकाला हेडफोन बसतो. दोन्ही बाजू बोलू लागल्या.

पुढचं मामंजींनीच केलं. बटण फिरवून शिट्टीची पट्टी उतरवली, सातशे हर्ट्झवरून पाचशेच्या आसपास. टेबलावरचा एलईडी दिवा आणि मोबाइलचा चार्जर बंद केला, तर खरखर निम्म्यावर आली. मग आवाज वाढवायची गरजच उरली नाही, उलट कमी केला. जळगावहून आलेलं पहिलं वाक्य त्यांनी कागदावर उतरवून मला दाखवलं: "इतके दिवस कुठे होतास?"

कानाच्या डॉक्टरांनाही दाखवलं. उतारवयात आधी उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणून स, श, फ, थ असे वर्ण निसटतात, असं ते म्हणाले. आपण ओरडतो तेव्हा आवाज मोठा होतो, पण स्पष्ट होत नाही. शाळेत शुद्धलेखन घालताना मी हे रोज पाळते. वर्गात गलबला असला तर आधी तो थांबवते, मग सावकाश सांगते. घरी मात्र मिक्सर चालू, टीव्ही चालू, आणि मी स्वयंपाकघरातून हाका मारतेय, "मामंजी, जेवायला!"

आता मी जवळ जाते, समोर उभी राहते आणि बेताच्या आवाजात बोलते. जेवताना त्यांच्या उजव्या हाताला बसते. गप्पा पुन्हा सुरू झाल्या आहेत.

तुमच्याकडेही कुणी वडीलधारं हल्ली गप्प बसत असेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवा. पण त्याआधी आजच बघा, आपण त्यांच्या कुठल्या बाजूला बसतो ते!