इंद्रायणीचा फेस आणि ऑक्सिजनची हाव

बारावीची केमिस्ट्री मास कॉमला आल्यावर कोण लक्षात ठेवतं? 'इलेक्ट्रोनिगेटिव्हिटी' हा शब्द मीही पेपरपुरताच पाठ केला होता. तो पुन्हा भेटला मोशीत राहायला आल्यावर. नाशिक हायवेवरचा इंद्रायणीचा पूल ओलांडला की चाकणचा पट्टा, अलीकडे आमचं पिंपरी-चिंचवड. मध्ये नदी, आळंदीकडे निघालेली.

आळंदीच्या घाटावरचा फेस टीव्हीवर सगळ्यांनीच पाहिलाय. 2024 मध्ये तर आषाढी वारीच्या तोंडावरही तो होता. लांबून बर्फच वाटावा! आजी म्हणाली, "अगं, पाण्याला एवढा फेस येतोच कसा?"

उत्तर त्याच विसरलेल्या शब्दात होतं. ऑक्सिजन भलता हावरट. इलेक्ट्रॉन ओढण्याची त्याची ताकद पॉलिंगच्या मोजपट्टीवर 3.44, हायड्रोजनची 2.20. त्यामुळे पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन थोडा ऋण होतो, हायड्रोजन थोडा धन. मग एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या ऑक्सिजनला बिलगतो. हा हायड्रोजन बंध रेणूच्या आतल्या बंधाच्या जेमतेम विसाव्या हिश्शाइतका, पण असे बंध असतात अगणित. म्हणूनच पाणी 100 अंशांना उकळतं. त्याचा चुलतभाऊ हायड्रोजन सल्फाइड उणे 60 लाच उकळून मोकळा! पृष्ठभागावरचे रेणूही एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे स्वच्छ पाण्यावरचा बुडबुडा टिकतच नाही.

डिटर्जंटचा रेणू मात्र दोन्ही डगरींवर पाय ठेवणारा. त्याच्या डोक्याला पाणी आवडतं. शेपटी कार्बन-हायड्रोजनची, 2.55 आणि 2.20, म्हणजे ओढाताण जवळजवळ नाहीच, त्यामुळे पाण्याशी तिचं जमत नाही. असे रेणू पृष्ठभागावर गर्दी करतात, डोकं पाण्यात, शेपटी हवेत. पाण्याची पकड सैल होते, बुडबुड्याची भिंत टिकते. बंधाऱ्यावरून पाणी आपटलं, हवा मिसळली, की फेस तय्यार.

नदीत कारखान्यांचं सांडपाणी येतं, तसंच प्रक्रिया न झालेलं घरगुतीही. चाकणकडे बोट दाखवणं सोपं आहे हो, पण आपल्या वॉशिंग मशीनचा पाइप कुठे जातो, हे आपल्यापैकी किती जणांनी सोसायटीत विचारलंय? मी परवाच्या मीटिंगमध्ये विचारलं. सगळे पार्किंगवर बोलू लागले.

आजी अजूनही आळंदीला गेली की ते पाणी डोळ्यांना लावते. मी नको म्हणते, ती ऐकत नाही. पुढच्या मीटिंगला तिलाच घेऊन जाणार आहे.