भाईची दुर्बीण

माझ्या अब्बांच्या डाव्या खांद्यात दोन छर्रे आहेत. लहानपणी त्यांची पाठ चेपताना ते हाताला लागायचे, कातडीखाली मिरीच्या दाण्यासारखे. आम्ही भावंडं ते बोटांनी सरकवून बघायचो आणि अब्बा हसायचे. ही १९६७ ची गोष्ट. बडेअब्बांकडे, म्हणजे आमच्या आजोबांकडे, शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. भात निसवलं की रानडुकरं उतरायची. एका संध्याकाळी पिकात खसखस झाली, बडेअब्बांनी आवाजाच्या रोखानं बार टाकला. डुक्कर नव्हतं. दहा वर्षांचा मुलगा बापासाठी भाकरी घेऊन आडवाटेनं येत होता.

अब्बा वाचले. बडेअब्बांनी दुसऱ्या दिवशी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली ती पुन्हा आणली नाही. नंतर १९७२ चा वन्यजीव कायदा आला, गावातल्या इतरांचीही शिकार सुटली. पण आमच्या घरात बंदूक हा शब्द त्याआधीच बंद झाला होता.

म्हणून गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी अमेरिकेत भाईकडे गेले आणि दुसऱ्याच दिवशी तो म्हणाला, "चल, रायफलवर बसवायची दुर्बीण घ्यायचीय, हिशेबाला तू हवीस," तेव्हा मला काय बोलावं ते सुचेना.

भाई आधी आखातात होता, मग भाभीच्या माहेरच्यांमुळे टेक्ससला गेला. सॅन अँजेलो गावाजवळ, जिथं शेळ्यामेंढ्यांचा मोठा बाजार भरतो, तिथं त्यानं नोकरी सांभाळून साठेक शेळ्या पाळल्यात. बकरी ईदला डॅलसची माणसं येऊन घेऊन जातात. जमीन कोरडी आणि मेस्किटच्या काट्यांची, आपल्या वेड्या बाभळीच्या कुळातलीच. आणि तिथं कायोटी आहे. आपल्या कोल्ह्याचा चुलतभाऊ म्हणा, पण अंगानं जरा मोठा आणि धीट. त्या महिन्यात त्यानं भाईची सात करडं नेली होती. तिथल्या कायद्यात कायोटीला बंद हंगाम नाही, वर्षभर मारता येतो. भाईनं कुंपण केलं, दिवे लावले, एक गाढवही आणून बांधलं. (गाढव कुत्र्याच्या जातीवर धावून जातं म्हणतात. भाईचं गाढव मात्र शेळ्यांचं खाणं खाण्यातच मग्न होतं.) शेवटी त्यानं पॉइंट २२३ ची रायफल घेतली. सशांसाठी पॉइंट २२ आधीपासून होतीच.

दुकानात काउंटरमागे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी पहिल्यांदा मला बजावलं की पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसानं बंदुकीला हात लावायचा नाही, शिकारीचा परवाना असेल तर गोष्ट वेगळी. दुर्बीण मात्र हवी तेवढी हाताळा. मला तेच बरं वाटलं.

भाईची नजर सगळ्यांत मोठ्या दुर्बिणीवर. ६ ते २४ पट मोठं दाखवणारी, पुढची काच ५० मिलिमीटरची. शेजारी साधी ३ ते ९ पटीची, ४० मिलिमीटरची, किंमत तिच्या तिसऱ्या हिश्श्याची. भाईचं म्हणणं, जितकं मोठं दिसेल तितका नेम पक्का. म्हातारबुवा वाद घालत बसले नाहीत. त्यांनी मोठी दुर्बीण २४ पटीवर फिरवून भाईच्या डोळ्याला लावली आणि म्हणाले, रस्त्यापलीकडचा तो खांब शोधा. भाई शोधतोय, शोधतोय, खांब सापडेना. शंभर यार्डांवर एवढ्या पटीला जेमतेम चार-पाच फुटांचा तुकडा दिसतो. ३ पटीला तीसेक फूट दिसतात. कायोटी हाकेला येतो तो पळत येतो, कधी वीस-तीस यार्डांवर उभा राहतो. त्याला त्या चार फुटांत कुठं शोधणार?

दुसरा मुद्दा उजेडाचा. हे जनावर पहाटे नि संध्याकाळी फिरतं. पुढच्या काचेच्या व्यासाला पटीनं भागलं की डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ५० भागिले २४ म्हणजे दोन मिलिमीटर. ४० भागिले ५ म्हणजे आठ. अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण सात मिलिमीटर उघडते, वय वाढलं की कमी. म्हणजे संधिप्रकाशात साधी दुर्बीण ५ पटीवर ठेवली की डोळा पुरता भरतो, मोठी २४ पटीवर अंधारते. हे मी भाईला तिथंच पावतीच्या पाठीमागं मांडून दाखवलं. तो म्हणाला, "मास्तरीण बाई, इथं पण?"

मग पॅरॅलॅक्स. उर्दूत आम्ही याला इख्तिलाफ-ए-मंजर म्हणतो, आणि वर्गात अंगठा पुढं धरून एक एक डोळा मिटायला लावून शिकवतो. अंगठा मागच्या फळ्यावर सरकतो, मुलं खिदळतात. म्हातारबुवांनी दुर्बीण लाकडी खाचेत ठेवली आणि मला फक्त मान हलवायला सांगितलं. आतली फुली भिंतीवरच्या घड्याळावर पोहायला लागली. पॉइंट २२ साठीच्या दुर्बिणी बहुधा ५० यार्डांवर जुळवलेल्या असतात, मोठ्या रायफलीच्या १०० किंवा त्याच्या पुढं. भाईला पॉइंट २२ वरचीच जुनी दुर्बीण काढून नव्या रायफलीवर चढवून पैसे वाचवायचे होते, तो बेत तिथं बारगळला. नाहीतरी ती सशांवर पन्नास यार्डांच्या आत बरी चाललीय. (सशाचं मांस खायचं तर वेगळाच प्रश्न. गोळीनं मेलेल्या शिकारीबद्दल उलेमांत मतभेद आहेत, म्हणून भाई सुरी घेऊन धावतो आणि जीव असेल तरच ससा घरी आणतो. भाभी त्यावरून त्याला हसते.)

सौदा ठरत आला होता तेवढ्यात अब्बांचा फोन आला. इकडं रात्र झाली असणार. भाईनं त्यांना रायफलीचं आधी सांगितलेलंच नव्हतं, आणि मला खोटं बोलता येत नाही. बराच वेळ अब्बा गप्प. मग त्यांनी एवढंच विचारलं, "त्यातून माणूस ओळखता येतो ना?"

भाईचा चेहरा उतरला. मी तो प्रश्न जमेल तसा इंग्रजीत करून म्हातारबुवांना विचारला. ते हसले नाहीत. म्हणाले, रायफलवरच्या दुर्बिणीतून ओळखायला जायचंच नाही. कारण ओळखायला बघाल तेव्हा नळी त्याच दिशेला असेल, आणि तिथं माणूस असला तर तुम्ही माणसावर बंदूक रोखलेली असेल. आधी हातातल्या साध्या दुर्बिणीनं ओळखायचं. मग त्याच्या मागं काय आहे ते बघायचं, गोळी कुठं थांबणार ते. त्यानंतर रायफल उचलायची. भाईनं उष्णता दाखवणाऱ्या रात्रीच्या दुर्बिणीची चौकशी केली होती, त्यावरही ते म्हणाले, लांबून कुत्रा आणि कायोटी दोन्ही पांढरे ठिपकेच.

आम्ही ३ ते ९ पटीची घेतली, आणि वाचलेल्या पैशांत ८ पटीची, ४२ मिलिमीटरची हातातली दुर्बीण. मी अब्बांना सांगितलं. ते "बरं" म्हणाले.

जुळवणी करायला शनिवारी मोकळ्या माळावर गेलो. मी कानांवर झाकणं लावून मागं उभी, हातात वही. पहिल्या गोळीला भाईनं डोळा फार जवळ नेला आणि दुर्बिणीच्या कडेनं भुवईवर लाल चंद्रकोर उमटवून घेतली. साडेतीन इंच अंतर ठेवायला सांगितलेलं पठ्ठ्या विसरला. २५ यार्डांवर गोळ्या दोन इंच खाली लागत होत्या. त्यानं बटण आठ टिचक्या फिरवलं, गोळी अर्धाच इंच वर आली. "दुर्बीण खराब आहे," म्हणून वैतागला. खराब काही नव्हतं. एक टिचकी म्हणजे पाव मिनिट, अंशाचा दोनशेचाळिसावा भाग. आमच्या नववी-दहावीच्या भाषेत पाव दकीका. शंभर यार्ड म्हणजे ३६०० इंच, तिथं एक मिनिट जवळजवळ एक इंच भरतं, म्हणून टिचकी पाव इंचाची. २५ यार्डांवर तीच टिचकी चौथाई, इंचाचा सोळावा भाग. दोन इंचांना बत्तीस टिचक्या हव्यात. आणखी चोवीस फिरवल्यावर गोळी मधोमध लागली. त्रिकोणमितीचा उपयोग काय, असं मुलं विचारतात तेव्हा हे उदाहरण द्यायचा मोह होतो, पण अजून दिलेलं नाही.

माझ्या मुक्कामात एकदाच कायोटी दिसला. पहाटेचा उजेड, कुंपणापासून ऐंशी यार्ड, कान उभे, आमच्याकडंच बघत. भाईनं हातातली दुर्बीण लावली आणि बराच वेळ लावूनच ठेवली. मग खाली ठेवली. त्या रेषेत मागं डांबरी रस्ता होता. जनावर सावकाश निघून गेलं. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि गोठ्यातली करडं बघून त्याची लाजही वाटली. ती करडं माझी नव्हती, नुकसान माझं नव्हतं.

मी परतल्यावर महिन्याभरानं भाईनं एक मारला. फोटो पाठवला, तो मी अब्बांना दाखवला नाही. आमच्या गावच्या कोल्ह्यासारखंच तोंड होतं. पण भाईनं स्वतःच फोन करून त्यांना सांगितलं.

"एका गोळीत?" अब्बांनी विचारलं.

"हो, अब्बा."

"मागं काय होतं?"

"टेकाड होतं. मातीचं."

अब्बांनी फोन माझ्याकडं दिला आणि भाकरीचं ताट पुढं ओढलं.